रिकाम्या मूल्याचा हॅश: ऑप्शनल टाइप की म्हणून वापरण्याआधी

नोंदीत मधले नाव असते किंवा नसते. सेन्सरकडून वाचन येते किंवा येत नाही. अशा ‘असेल किंवा नसेल’ मूल्यांसाठी बहुतेक भाषांनी स्वतंत्र टाइप दिलेला आहे: रस्टमध्ये ऑप्शन, जावा, स्विफ्ट आणि सी प्लस प्लसमध्ये ऑप्शनल, सी शार्पमध्ये नलेबल. नवीन शिकणारा हा टाइप लवकर आपलासा करतो. आत मूल्य आहे का हे विचारायचे, असेल तर काढून घ्यायचे, एवढेच त्याचे काम दिसते. अडचण येते ती हे मूल्य सेटमध्ये टाकताना किंवा डिक्शनरीची की म्हणून वापरताना. तिथे हॅश लागतो, म्हणजे मूल्यावरून काढलेला एक आकडा. आत काहीच नसेल तर हॅश कशाचा काढायचा?

वेगवेगळ्या स्टँडर्ड लायब्रऱ्यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांतले एकही चुकीचे नाही. हॅश हा नेहमी समानतेच्या मागून चालतो. कोणती दोन मूल्ये समान मानायची हे ठरले की हॅशवर किती बंधन आहे ते ठरते. उरलेल्या जागेत लायब्ररी लिहिणाऱ्याला मोकळीक असते. हे एकदा ध्यानात आले की प्रत्येक भाषेची पद्धत वेगळी पाठ करावी लागत नाही.

खाली ‘रिकामा’ म्हणजे आत काही नसलेला ऑप्शनल आणि ‘भरलेला ५’ म्हणजे आत ५ असलेला ऑप्शनल, मग भाषा कोणतीही असो.

पायरी १: नियमाची दिशा पक्की करा

नियम असा: दोन मूल्ये समान असतील तर त्यांचे हॅश समान असलेच पाहिजेत. उलट बाजूने बंधन नाही. हॅश सारखे आले म्हणून मूल्येही समान असावीत असे कोणतीही लायब्ररी म्हणत नाही.

याचे कारण हॅश टेबलच्या कामात आहे. टेबल आधी कीचा हॅश काढते, त्यावरून खण ठरवते, आणि मग त्या खणातल्या नोंदींशी तुलना करून हवी ती नोंद शोधते. दोन वेगळ्या कींचा हॅश सारखा आला, म्हणजे टक्कर झाली, तर एखादी तुलना जास्त करावी लागते. उत्तर तेच मिळते. पण समान कींचा हॅश वेगळा आला तर टेबल भलत्याच खणात पाहते, तिथे काही सापडत नाही आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. नोंद आत असते, पण हाती लागत नाही. हा दोष फार त्रासदायक, कारण कुठेही एरर येत नाही. कधी दोन्ही हॅश योगायोगाने एकाच खणात पडतात आणि चाचणी पासही होते.

तेव्हा टक्कर ही वेगाची बाब आहे आणि नियमभंग ही बरोबर-चूक ठरवणारी बाब आहे. या दोहोंची गल्लत करू नका. ‘रिकाम्याचा हॅश शून्य आला आणि भरलेल्या ०चाही शून्यच आला, हा बग आहे का?’ असा प्रश्न नवशिके हटकून विचारतात. तो बग नाही.

पायरी २: तुमच्या भाषेत कोण कोणाशी समान आहे ते तपासा

तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा.

दोन रिकामे एकमेकांशी समान आहेत का? वर नावे घेतलेल्या सगळ्या भाषांत उत्तर ‘हो’ आहे. म्हणून रिकाम्याचा हॅश त्या टाइपसाठी एकच ठरलेला असला पाहिजे. दर वेळी बदलून चालणार नाही. डेटाबेसमधून आलेल्यांना इथे थोडे अडखळायला होते, कारण एसक्यूएलमध्ये नलची नलशी तुलना केली तर उत्तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘अज्ञात’ येते. पण त्याच एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय किंवा डिस्टिंक्ट लावले की सगळे नल एका गटात पडतात. गट पाडायचे, पुनरावृत्ती काढायची, तर रिकाम्याला रिकाम्यासारखे मानावेच लागते, आणि हॅशचे काम नेमके तेच आहे.

रिकामा आणि भरलेला ० समान आहेत का? कुठेही नाहीत. ‘वाचन आले नाही’ आणि ‘वाचन शून्य आले’ यांतला फरक जपण्यासाठीच हा टाइप आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: भरलेला ५ आणि नुसता ५ समान आहेत का? इथे भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. सी प्लस प्लसमध्ये ऑप्शनलची थेट आतल्या टाइपच्या मूल्याशी तुलना करता येते आणि भरलेला ५ हा ५शी समान ठरतो. जावामध्ये इक्वल्सला, म्हणजे समानता तपासणाऱ्या मेथडला, विचारले तर उत्तर ‘नाही’, कारण समोर ऑप्शनल नसून आकडा आहे. रस्टमध्ये तर असा प्रश्न कंपायलर विचारूच देत नाही. दोन वेगळे टाइप आहेत म्हणून तो तिथेच थांबवतो.

पायरी ३: लायब्ररीची पद्धत ओळखा

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत.

पहिलीत भरलेल्या ऑप्शनलचा हॅश म्हणजे आतल्या मूल्याचाच हॅश, आणि रिकाम्यासाठी एखादा ठरलेला आकडा. सी प्लस प्लसच्या २०१७च्या मानकात ऑप्शनल आला तेव्हापासून हाच नियम आहे: भरलेला असेल तर आतल्या टाइपचा हॅश जे देईल तेच मिळेल. रिकाम्याचा हॅश किती असावा हे मानकाने मुद्दाम सांगितलेले नाही, त्यामुळे प्रत्येक लायब्ररीने आपापला आकडा निवडला. जीसीसी या कंपायलरसोबत येणारी लायब्ररी उणे ३३३३ हा आकडा चिन्हरहित करून वापरते. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-प्रकल्पाची लायब्ररी ० देते.

आता गंमत पाहा. या दोन्ही लायब्रऱ्यांत पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो पूर्णांकच. म्हणजे एकीकडे रिकाम्याची टक्कर भरलेल्या उणे ३३३३शी होते आणि दुसरीकडे भरलेल्या ०शी. शून्य हा आकडा खऱ्या डेटात सारखा येतो, उणे ३३३३ क्वचित येतो. एवढ्या लहानशा निवडीमागेही विचार असतो, आणि मला जीसीसीची निवड आवडते. अर्थात दोन्ही मानकाला धरून आहेत आणि तुमच्या प्रोग्रॅमने यांतल्या कशावरही विसंबून राहू नये.

जावा याच पद्धतीत मोडते. २०१४मध्ये जावा ८सोबत ऑप्शनल आला. त्याचा हॅशकोड म्हणजे आतल्या मूल्याचा हॅशकोड, आणि रिकामा असेल तर ०, असे दस्तऐवजातच लिहिलेले आहे. त्यामुळे रिकामा, भरलेला ० आणि रिकामी स्ट्रिंग आत असलेला ऑप्शनल, या तिघांचाही हॅशकोड ० येतो. सी शार्पचा नलेबलही रिकामा असताना ० देतो. कोटलिनमध्ये नलवर हॅशकोड मागितला तरी ० मिळतो.

दुसऱ्या पद्धतीत आधी एक खूण हॅशमध्ये मिसळली जाते, ‘रिकामा’ किंवा ‘भरलेला’, आणि भरलेला असेल तरच त्यानंतर आतले मूल्य. स्विफ्टची लायब्ररी रिकाम्यासाठी ० हा एक बाइट मिसळते. भरलेल्यासाठी १ हा बाइट आणि मग मूल्य. रस्टमध्ये ऑप्शन हा साधा इनम, म्हणजे ठरावीक पर्यायांपैकी एक असणारा टाइप, आहे आणि त्याचा हॅश डिराइव्ह करून, म्हणजे कंपायलरकडून आपोआप लिहून, मिळतो: आधी कोणता पर्याय आहे त्याचा क्रमांक, मग आतला माल. म्हणून रस्टमध्ये भरलेल्या ५चा हॅश आणि ५चा हॅश वेगळे येतात, आणि ते वेगळे असायला काही हरकत नाही, कारण त्या दोघांना समान मानणारे तिथे कोणी नाही.

सी प्लस प्लसच्या निवडीचा मात्र एक फायदा आहे. भरलेला ५ आणि ५ समान आहेत, आणि हॅशही सारखे आहेत. २०२०च्या मानकापासून अनॉर्डर्ड, म्हणजे हॅशवर चालणाऱ्या, कंटेनरमध्ये वेगळ्या टाइपच्या मूल्याने शोध घेता येतो. त्यासाठी आपला हॅश आणि आपली तुलना दोन्ही ‘ट्रान्सपरंट’ म्हणून जाहीर करावी लागतात. ऑप्शनल पूर्णांकांच्या सेटमध्ये नुसत्या ५ने शोध घ्यायचा असेल तर समानतेशी हॅश आधीच जुळलेला आहे. तरी जपून: भरलेला लाँग ५ आणि इंट ५ हेही तुलनेत समान ठरतात, पण लाँगचा हॅश आणि इंटचा हॅश सारखा येईल अशी हमी मानक देत नाही. हमी आहे ती त्याच आतल्या टाइपपुरती.

रस्टमध्ये बॉक्स किंवा रेफरन्स, म्हणजे मूल्याकडे बोट दाखवणारे टाइप, यांचा हॅश आतल्या मूल्यासारखाच येतो, कारण त्यांच्याकडून उसन्या घेतलेल्या मूल्याने हॅशमॅपमध्ये शोध घेता आला पाहिजे. ऑप्शनवर तसे ओझे नाही. पुन्हा तेच: समानतेने जेवढे मागितले तेवढेच हॅशने दिले.

पायथनमध्ये वेगळा डबा नाहीच. मूल्य असेल तर ते मूल्य, नसेल तर नन. त्यामुळे भरलेल्याचा प्रश्न येत नाही, फक्त ननचा हॅश ठरवावा लागतो. ३.११पर्यंत तो ननच्या मेमरीतल्या पत्त्यावरून निघायचा आणि म्हणून प्रोग्रॅमच्या दर धावेत बदलू शकायचा. नन असलेल्या सेटवरून फिरताना क्रम कधी बदलेल याचा नेम नसे. ३.१२मध्ये तो कायमचा पक्का केला गेला. ६४ बिटच्या मशीनवर ४२३८८९४११२ असा आकडा दिसेल.

पायरी ४: स्वतः चालवून पाहा

वाचून समजले तरी एक छोटा प्रोग्रॅम लिहाच. वेगवेगळ्या ठिकाणी तयार केलेले दोन रिकामे घ्या, दोन भरलेले ५ घ्या, एक भरलेला ० घ्या. सगळे एका सेटमध्ये टाका आणि सेटमध्ये किती घटक उरले ते छापा. उत्तर ३ आले पाहिजे. मग प्रत्येकाचा हॅश छापा.

जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये रिकामा आणि भरलेला ० यांचे हॅश सारखे दिसले तरी सेटमध्ये ते दोन वेगळे घटक म्हणून नांदताना दिसतील. पायरी १मधला नियम डोळ्यांनी पाहायला याहून चांगली जागा नाही.

स्वयंचलित चाचण्या लिहिताना हीच शिस्त पाळा. ‘समान मूल्यांचे हॅश समान आहेत’ ही चाचणी जरूर लिहा. ‘वेगळ्या मूल्यांचे हॅश वेगळे आहेत’ अशी चाचणी लिहू नका, कारण तसे वचन कोणी दिलेलेच नाही. वेगळेपण तपासायचे तर सेटमधल्या घटकांची संख्या मोजा.

पायरी ५: अनेक ऑप्शनल फील्ड एकत्र आणताना

एकट्या ऑप्शनलपुरते पाहिले तर वरच्या दोन पद्धतींत व्यवहारात फारसा फरक पडत नाही. एक टक्कर इकडे, एक तिकडे. खरा फरक दिसतो तो एकाच रचनेत चार-पाच ऑप्शनल फील्ड आली आणि त्या सगळ्यांचा मिळून एक हॅश काढायचा झाला की.

समजा रचनेत दोन ऑप्शनल पूर्णांक आहेत. पहिल्या नोंदीत पहिले फील्ड रिकामे आणि दुसरे भरलेले ५. दुसऱ्या नोंदीत उलट. या दोन नोंदी समान नाहीत आणि शक्य तर त्यांचे हॅशही वेगळे यायला हवेत.

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत वाईट पद्धत म्हणजे दोन्ही हॅशचा एक्सॉर करणे, म्हणजे बिटनिहाय तुलना करून फक्त वेगळ्या बिटच्या जागी १ ठेवणे. रिकाम्याचा हॅश ० असेल तर पहिल्या नोंदीचा हॅश ० एक्सॉर ५, म्हणजे ५, आणि दुसरीचा ५ एक्सॉर ०, म्हणजे ५च. एक्सॉरला क्रमाची जाण नसते. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही फील्डांत एकच मूल्य असलेल्या सगळ्या नोंदींचा हॅश ० येतो: रिकामा-रिकामा, ५-५, १००-१००, सगळे एकाच खणात. ऑप्शनल फील्डांच्या बाबतीत ‘दोन्ही रिकामी’ ही स्थिती नेहमीची असते, त्यामुळे हा खण भरत जातो आणि टेबल मंदावते.

जावाची ऑब्जेक्ट्स.हॅश ही सोय क्रम पाळते. १पासून सुरुवात करून दर फील्डला आधीच्या उत्तराला ३१ने गुणते आणि नव्या फील्डचा हॅश मिळवते. आपल्या उदाहरणात रिकामा-५ साठी ३१ गुणिले १ अधिक ० म्हणजे ३१, मग ३१ गुणिले ३१ अधिक ५ म्हणजे ९६६. उलट क्रमासाठी ३१ अधिक ५ म्हणजे ३६, मग ३६ गुणिले ३१ अधिक ० म्हणजे १११६. दोन्ही वेगळे. पण भरलेला ० आणि ५ या जोडीचाही हॅश ९६६च येतो, कारण आत जातानाच रिकामा आणि ० यांतला फरक पुसला गेलेला असतो. तुमच्या डेटात रिकामे आणि शून्य दोन्ही सर्रास येत असतील, तर फील्डमध्ये मूल्य आहे की नाही हा बूलियनही त्या यादीत आधी द्या. एवढ्याने फरक परत मिळतो.

सी प्लस प्लसच्या मानक लायब्ररीत हॅश जोडणारे फंक्शन नाही. पेअर आणि टपलसाठीसुद्धा तयार हॅश नाही. बहुतेक जण बूस्ट लायब्ररीचे हॅश_कंबाइन घेतात किंवा सुवर्ण गुणोत्तरातून आलेला २६५४४३५७६९ हा आकडा आणि डावी-उजवीकडची सरकवणी असलेली त्याची जुनी ओळ आपल्या कोडमध्ये उतरवून घेतात. लहान कामाला ती चालते. काही असो, क्रम न पाळणारा एक्सॉर नको.

आता स्विफ्ट आणि रस्टकडे वळू, कारण त्यांची रचना मुळातच वेगळी आहे. तिथे प्रत्येक मूल्य आपला आकडा काढून परत देत नाही. एक हॅशर असतो, प्रत्येक मूल्य आपली माहिती त्या हॅशरमध्ये एकामागून एक घालत जाते, आणि शेवटी हॅशर एकच आकडा देतो. अशा व्यवस्थेत ‘रिकामा आहे ना, मग काहीच घालू नका’ असे केले तर काय होईल?

रिकामा-५ या नोंदीतून हॅशरमध्ये फक्त ५ जाईल. ५-रिकामा या नोंदीतूनही फक्त ५च जाईल. हॅशर कितीही उत्तम असला तरी त्याच्यापुढे दोन्ही वेळा तेच बाइट आले, तर उत्तर तेच येणार. ही टक्कर नशिबाची नाही, अटळ आहे, आणि तिच्यावर रँडम सीडचाही, म्हणजे हॅश काढताना मिसळलेल्या गुप्त यादृच्छिक आकड्याचाही, उपाय चालत नाही.

याचे गांभीर्य कळण्यासाठी थोडा इतिहास. २०११च्या अखेरीस बर्लिनमधल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले की मुद्दाम एकाच हॅशच्या हजारो कीज फॉर्ममधून पाठवल्या तर वेब सर्व्हर तासन्‌तास गुंतून पडू शकतो. त्यानंतर भाषांनी हॅशमध्ये रँडम सीड आणण्याकडे मोर्चा वळवला. पायथनने ३.३पासून स्ट्रिंगच्या हॅशसाठी ते आपोआप चालू केले. २०१२मध्ये सिपहॅश हा सीडवर चालणारा हॅश पुढे आला आणि रस्टचा हॅशमॅप आजही मूळ स्थितीत त्याचीच १-३ ही आवृत्ती वापरतो. सीड गुप्त असल्याने हल्लेखोराला कोणत्या कीज एकमेकींवर आदळतील याचा अंदाज बांधता येत नाही. पण हॅशरमध्ये जाणारे बाइटच सारखे असतील तर त्याला सीड माहीत असण्याची गरजच उरत नाही. वीस ऑप्शनल फील्डांच्या रचनेत एकच मूल्य वेगवेगळ्या जागी ठेवून तो आरामात वीस कीज बनवेल. दोन-तीन मूल्ये मिसळली तर ही संख्या भराभर वाढते.

म्हणून खूण. स्वतःचा ऑप्शनलसारखा टाइप लिहाल तेव्हा त्याचा हॅश असा असू द्या:

हॅश_घाल(हॅशर, ऑप्शनल):
    ऑप्शनल रिकामा असेल तर
        हॅशर.घाल(०)
    नसेल तर
        हॅशर.घाल(१)
        हॅशर.घाल(ऑप्शनल.मूल्य)

आता रिकामा-५ मधून जाते ०, १, ५ आणि ५-रिकामा मधून जाते १, ५, ०. सुरुवातीपासून वाचत गेले तर दर वेळी खूण सांगते की पुढे मूल्य आहे की नाही, त्यामुळे दोन वेगळ्या नोंदींतून एकच ओळ कधीच तयार होत नाही. हेच तत्त्व स्ट्रिंगलाही लागू आहे: ‘कख’ आणि ‘ग’ ही जोडी ‘क’ आणि ‘खग’ या जोडीत मिसळू नये म्हणून रस्ट प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी २५५ हा बाइट घालतो, वैध यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, तो बाइट कधी येतच नाही. व्हेक्टरच्या आधी त्याची लांबी घातली जाते. वाढीव खर्च म्हणाल तर एक बाइट किंवा एक शब्द मिसळण्याचा. मला विचाराल तर नव्याने लिहिताना नेहमी हीच पद्धत घ्या. आतल्या नुसत्या मूल्याशी समानता ठेवायची असेल तेव्हाच पहिली.

ऑप्शनलच्या आत ऑप्शनल असेल तरी हेच उत्तर लागू पडते. रिकामा, आणि रिकाम्याने भरलेला, हे दोन वेगळे आहेत: एकात ‘सेटिंग दिलेच नाही’, दुसऱ्यात ‘सेटिंग मुद्दाम रिकामे दिले’. खुणेच्या पद्धतीत पहिल्यातून ० जाते, दुसऱ्यातून १, ०. जावामध्ये दोघांचाही हॅशकोड ० येतो. इक्वल्स त्यांना वेगळे ठेवते, त्यामुळे चूक होत नाही. पायथन आणि कोटलिनच्या नलमध्ये हा भेद मांडताच येत नाही, तेव्हा तिथे त्यासाठी स्वतःचा छोटा टाइप बनवा.

पायरी ६: आतल्या टाइपचा हॅश आहे ना ते पाहा

ऑप्शनलचा हॅश आतल्या टाइपवर उभा असतो. आतल्याला हॅश नसेल तर ऑप्शनललाही मिळत नाही आणि कंपायलर ते लगेच सांगतो. स्विफ्टमध्ये ४.२पासून ऑप्शनल हॅशेबल आहे, पण आतला टाइप हॅशेबल असेल तरच. सी प्लस प्लसमध्येही तसेच. तिथला एरर संदेश लांबलचक असतो आणि त्यात हॅशचा कन्स्ट्रक्टर डिलीट केलेला आहे असे काहीसे दिसते. तो दिसला की ऑप्शनलकडे पाहत बसू नका, आतल्या टाइपकडे जा.

दशांश अपूर्णांकांचे विशेष सांभाळा. रस्टमध्ये फ्लोटला हॅशच नाही, कारण नॅन (‘आकडा नाही’ असे दर्शवणारे) हे मूल्य स्वतःशीसुद्धा समान नसते. म्हणून ऑप्शनमधल्या फ्लोटलाही नाही. सी प्लस प्लस हॅश देते, पण आत नॅन असलेला ऑप्शनल सेटमध्ये टाकला तर तो परत कधी सापडत नाही. जावाच्या डबलमध्ये इक्वल्स नॅनला नॅनशी समान मानते, तिथे तो सापडतो, मात्र ० आणि उणे ० वेगळे ठरतात.

जावामध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला काहीतरी हॅशकोड असतोच, त्यामुळे कंपायलर अडवणार नाही. ऑप्शनलच्या आत अ‍ॅरे ठेवली तर तुलना आणि हॅश दोन्ही अ‍ॅरेच्या ओळखीवरून होतात, आतल्या घटकांवरून होत नाहीत. सारखे आकडे असलेल्या दोन अ‍ॅरे तिथे दोन वेगळ्या कीज ठरतील. लिस्ट वापरा.

आतले मूल्य बदलता येणारे असेल तर की बनवल्यानंतर ते बदलू नका. रिकामा ऑप्शनल सेटमध्ये टाकून नंतर तोच भरला, तर तो जुन्याच खणात पडून राहील आणि नव्या हॅशने शोधणाऱ्याला दिसणार नाही.

पायरी ७: कंटेनर रिकामी की स्वीकारतो का?

हॅश निघतो म्हणजे की चालते असे नाही. सी शार्पचा नलेबल रिकामा असताना हॅश ० देतो खरा, पण डिक्शनरीमध्ये तो की म्हणून दिला तर एक्सेप्शन येते. हॅशसेटमध्ये मात्र चालतो. जावामध्ये हॅशमॅप एक नल की घेतो, कन्करंटहॅशमॅप आणि मॅप.ऑफ घेत नाहीत. रिकामा ऑप्शनल हा नल नसून खरा ऑब्जेक्ट आहे, म्हणून तो तिन्हींत चालतो. तरीही जावाचा ऑप्शनल मुख्यतः मेथडच्या परतीच्या मूल्यासाठी घडवलेला आहे. की म्हणून वापरायचाच झाला तर त्याची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने करू नका आणि आयडेंटिटीहॅशमॅपमध्ये टाकू नका. दोन रिकामे एकच ऑब्जेक्ट असतील यावर विसंबू नका, असे त्याचे दस्तऐवज बजावते.

पायरी ८: हॅश प्रोग्रॅमबाहेर नेऊ नका

स्विफ्टचा सीड प्रोग्रॅमच्या दर धावेला बदलतो. रस्टच्या हॅशमॅपचाही रँडम असतो. सी प्लस प्लसमध्ये रिकाम्याचा आकडा लायब्ररी बदलली की बदलतो. जावाचा रिकाम्यासाठीचा ० पक्का असला तरी आतल्या एखाद्या इनमचा हॅशकोड दर धावेला वेगळा येऊ शकतो. म्हणून हा आकडा फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवण्यासाठी वापरायचा नाही.

तशी गरज असेल तर आधी मूल्य बाइटमध्ये कसे लिहायचे ते स्वतः ठरवा, म्हणजे रिकाम्यासाठी ०, भरलेल्यासाठी १, मग लांबी आणि मूल्य, आणि त्या बाइटवर शा-२५६सारखा ठरलेला हॅश चालवा. स्विफ्टमध्ये फक्त दोष शोधण्यासाठी तोच क्रम पुन्हा हवा असेल तर स्विफ्ट_डिटरमिनिस्टिक_हॅशिंग या एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलला १ द्या. पायथनमध्ये स्ट्रिंगसाठी पायथनहॅशसीड आहे. दोष सापडला की ही सेटिंग काढून टाका, कारण ती चालू असेतो हल्ल्यापासूनचे संरक्षण बंद असते.